स्पोर्ट बाईक, आल्प्सचे घाट आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात म्हटलं होतं की युरोपातल्या बाईक ट्रिपबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर पत्रांचा आणि मेसेजेसचा नुसता ढीग आलाय, आणि त्यातले बहुतेक सगळे ॲडव्हेंचर बाईकवाले नाहीच्चेत, खाली वाकून स्पोर्ट बाईक चालवणारे आहेत. बरं वाटलं. कारण ट्रिपबद्दलचं सगळं लिखाण त्या उंच, पेट्यावाल्या बाईक डोळ्यासमोर ठेवून झालेलं असतं. म्हणून या वेळचं अख्खं सदर तुमच्यासाठी.

ताई, मी केटीएमची आरसी थ्री नाइन्टी चालवतो, ताम्हिणी तोंडपाठ आहे. पुढच्या वर्षी ऑफिसच्या कामाने स्टुटगार्टला जातोय, सुट्टी जोडून इटलीतला स्टेल्व्हियो पास करायचाय आणि स्पोर्ट बाईकवरच करायचाय. ग्रुपमधले सगळे म्हणतात वेडा आहेस. खरंच वेडेपणा आहे का? – ताम्हिणीवाला, पुणे

वेडेपणा नाहीये रे, पण स्टेल्व्हियोच का? तर फोटो बघितलाय म्हणून, दुसरं काय. तो फोटो मलाही आवडतो. पण स्पोर्ट बाईकवाल्याने घाट निवडताना फोटो बघू नये, तो रस्ता कधी बांधला आणि कुणासाठी बांधला ते बघावं. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की आता मित्रमंडळी हसतात, तरी परत सांगते.

स्टेल्व्हियो बांधला १८२० ते १८२५ मध्ये, कार्लो डोनेगानी नावाच्या इंजिनियरने. तेव्हा लोम्बार्डी ऑस्ट्रियाच्या ताब्यात होता आणि व्हिएन्नाला तिकडे पोचायला डोंगरातून थेट वाट हवी होती. म्हणजे रस्ता घोडागाड्यांचा. घोड्यांना खडा चढ झेपत नाही म्हणून चढ बेताचा ठेवला आणि उंची गाठायला वळणं वाढवली, प्राटो गावाच्या बाजूने ४८ हेअरपिन (म्हणजे यू आकाराची वळणं), प्रत्येकाला नंबर, खाली ४८ पासून सुरू आणि वर जाईपर्यंत १, माथा २,७५७ मीटरवर. घोडागाडी ज्या वेगाने वळायची त्या वेगाला ते वळण पुरायचं. तुझ्या बाईकचं हँडल एका मर्यादेपुढे वळतच नाही, पहिला गिअर लांब, वजन सगळं मनगटावर, त्यामुळे होतं काय की हेअरपिन आला की क्लच अर्धवट, मागचा ब्रेक हलका, मान पार खांद्यावरून वर, बाहेर पडलास की दोनशे मीटर सरळ आणि परत तेच, असं ४८ वेळा, आणि त्यात मधे एखादी बस आली की तिला अख्खं वळण लागतं, तू चढावर पाय टेकवून उभा. लीन, म्हणजे वळणात बाईक झुकवणं, वगैरे विसर.

आता दुसरा रस्ता घे, ऑस्ट्रियातला ग्रोसग्लॉकनर. ३ ऑगस्ट १९३५ ला उघडला, फ्रान्झ वालाक या इंजिनियरने मोटारींसाठी आखलेला, ४८ किलोमीटर, ३६ मोठे हेअरपिन, पण ते रुंद, बाहेर पडताना गॅस उघडता येतो असे. उद्घाटनाच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर मोटारींची आणि मोटरसायकलींची रेस झाली होती, यावरून काय ते समज. टोल आहे, बाईकला तीस युरोच्या वर जातो, महाग वाटेल पण दिवसभर वर-खाली कर, एडेलवाइसश्पिट्झला २,५७१ मीटरपर्यंत जाऊन ये, पैसे वसूल. तसंच स्वित्झर्लंडमधला सुस्टेन पास. तो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला, सुरुवातीपासून मोटारी डोक्यात ठेवून, वळणांना गोलाई आहे, एकातून दुसऱ्यात बाईक आपोआप जाते. माझं स्पष्ट मत विचारशील तर आल्प्समध्ये स्पोर्ट बाईकला सुस्टेनसारखा रस्ता नाही. ऑस्ट्रिया-इटली सीमेवरचा टिमेल्सयोख तर एकाच खिंडीत दोन्ही नमुने दाखवतो, ऑस्ट्रियाची बाजू १९५९ ची, मोकळी, मजेची, आणि माथा ओलांडून इटलीत उतरलास की रस्ता आखडतो, अंधारे बोगदे सुरू.

आणि स्वित्झर्लंडमधल्या गोटहार्डची जुनी ट्रेमोला वाट, दगडी फरसबंदीची, २४ हेअरपिन, एकोणिसाव्या शतकातली, टपाल घोडागाडीतून जायचं त्या काळची. बघायला फार सुंदर. कोरडी असेल तर सावकाश जा, ओली असेल तर बाजूला नंतर बांधलेला रुंद रस्ता आहे त्याने जा आणि वरून फोटो काढ.

इतकं सांगूनही स्टेल्व्हियो करणारच असशील (करणारच आहेस, माहितीये) तर आदल्या रात्री प्राटो किंवा त्राफोईला राहा, मधल्या वारी सकाळी सातच्या आत चढायला सुरू कर, प्राटोकडूनच चढ, त्या बाजूने उतरू नकोस कारण उतारावर सगळं वजन मनगटात येतं आणि विसाव्या वळणाला हात बधिर होतात. माथ्यावरून पलीकडच्या बाजूला थोडं खाली आल्यावर उम्ब्राइल पासचा फाटा लागतो, तो थेट स्वित्झर्लंडमध्ये उतरवतो.

ताई नमस्कार. तिकडे गाड्या उजवीकडून चालतात. बाईकवर किती दिवसात सवय होते? आम्ही गगनबावडा, आंबोली कायम करतो, घाटाची भीती नाही. – रंकाळ्यावरचा एक, कोल्हापूर

सरळ रस्त्यावर तासाभरात होते. गंमत अशी की सरळ रस्त्यावर कुणी चुकतच नाही, समोरून गाड्या येत असतात, त्या आपल्याला बरोबर बाजूला ठेवतात. चुकतो माणूस पेट्रोल पंपातून बाहेर पडताना, फोटोला थांबून परत निघताना, सकाळी हॉटेलच्या पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर येताना. म्हणजे जिथे बघून शिकायला दुसरी गाडीच नाही तिथे. टँकवर उजवीकडे वळलेला मोठा बाण टेपने चिकटवा, हसू देत लोकांना.

पण तुम्ही घाटाची भीती नाही म्हणालात ना, तिथेच गोची आहे. आपल्याकडे डावीकडून चालतो म्हणून घाटात डावं वळण आखूड पडतं आणि उजवं मोकळं मिळतं, इतक्या वर्षांत अंगाला तेच पाठ झालंय. तिकडे उलटं. चढावरचा उजवा हेअरपिन तिकडे सगळ्यात आखूड, आणि आपलं अंग मात्र मोकळ्या वळणाच्या हिशोबाने घुसतं, मग बाईक बाहेर फेकली जाते ती थेट समोरच्याच्या लेनमध्ये. उजव्या हेअरपिनला आत शिरायच्या आधीच वेग पाडा, पहिला गिअर, आणि नजर वरच्या रस्त्यावर, वरून कोण येतंय ते आधी दिसतं.

डाव्या वळणात वेगळा धोका. स्पोर्ट बाईकवर आपण अंग आत टाकतो, चाकं आपल्या लेनमध्ये असतात पण डोकं आणि खांदा मधल्या रेषेच्या पलीकडे, आणि समोरून कॅम्पर व्हॅन येत असते. ऑस्ट्रियात काही रस्त्यांवर डाव्या वळणात मधल्या रेषेच्या अलीकडे पांढऱ्या गोल खुणा रंगवल्यात त्या याचसाठी, बाईकवाला त्या चुकवायला म्हणून आपोआप बाहेरच्या बाजूने जातो. खुणा नसतील तिथेही त्या आहेत असं समजून चालवा.

बाकी बारीकसारीक. राउंडअबाउटला घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, आत शिरताना डावीकडे बघायचं. गावातल्या बिनपाटीच्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो लहानशा गल्लीतून का येईना. आपल्याकडे समोरच्याने लाइट मारला की अर्थ होतो मी येतोय, थांब. तिकडे बऱ्याचदा अर्थ असतो की जा तू आधी. हॉर्न मात्र खिशात ठेवा, आंबोलीत प्रत्येक वळणाला वाजवतो तसा तिथे वाजवलात तर लोक थांबून विचारतील काय झालं म्हणून. फक्त स्वित्झर्लंडमध्ये एक हॉर्न ऐकायला शिका, पिवळ्या पोस्टबसचा तीन सुरांचा, रॉसिनीच्या विल्यम टेल ऑपेरातल्या संगीतातून घेतलेला. निळ्या पाटीवर पिवळं शिंग काढलेलं दिसलं की तो पोस्टबसचा डोंगररस्ता, तिथे तिला वाट द्यायची आणि तिचा ड्रायव्हर सांगेल तसं मागे-पुढे व्हायचं, तो नियमच आहे.

आणि हो, समोरून येणारे बाईकवाले डावा हात खाली सोडून नमस्कार करतील. करा की तुम्हीही, पण हेअरपिनमध्ये नको, तिथे कुणीच वाईट वाटून घेत नाही.

भाड्याने स्पोर्ट बाईक मिळते का? कागदपत्रं काय? स्वतःची बाईक नेली तर? – व्ही. आर., नागपूर

स्वतःची दोन-तीन आठवड्यांसाठी नेऊ नका, जहाज, कस्टम्स, तिकडचा इन्शुरन्स यातच सुट्टी संपेल. भाड्याने मिळते, पण निवड कमी. म्युनिक, मिलान, इन्सब्रुक कुठेही बघा, रांगेत सगळ्या ॲडव्हेंचर बाईक उभ्या असतात आणि कोपऱ्यात एखादी स्पोर्ट नाहीतर स्पोर्ट टूरर. म्हणून तीन-चार महिने आधी बुक करा. दिवसाला साधारण शंभर ते दोनशे युरो धरून चला, डिपॉझिट वेगळं, आणि ते क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवतात, डेबिट कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, हे विमानतळावरून टॅक्सी करून तिथे पोचल्यावर कळायला नको. दिवसाचे किलोमीटर किती दिलेत, अपघात झाला तर पहिले किती युरो आपल्या खिशातून, आणि बाईक कुठल्या देशात न्यायला परवानगी आहे, या तीन ओळी करारात बोट ठेवून वाचा.

लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं, परिवहनच्या साइटवरून अर्ज करून आपल्या आरटीओतून मिळतं, एक वर्ष चालतं. हातात आलं की आधी उघडून बघा, मोटरसायकलच्या म्हणजे ए वर्गाच्या समोर शिक्का आहे ना, कारण नुसत्या कारचा शिक्का घेऊन गेलात तर बाईक मिळणार नाही. मूळ लायसन्सही बरोबर हवंच.

व्हिसा शेंगेन, ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज. हेल्मेट इसीई या युरोपियन मार्कचं घ्या, नुसतं आयएसआय नको. फ्रान्समध्ये सर्टिफाइड ग्लोव्हज सक्तीचे आहेत, मागच्या सीटवरच्यालासुद्धा, ऑस्ट्रियात बाईकवरही फर्स्ट एड किट लागतं. हायवेचं विन्येट, म्हणजे टोलचा पास, ऑस्ट्रियात दहा दिवसांचं मिळतं, स्वित्झर्लंडमध्ये एकच, वर्षाचं, ४० फ्रँक, बाईकलाही तेवढंच. पण मोटरवे टाळून घाटाघाटाने फिरणार असाल तर ते लागतच नाही, आणि स्पोर्ट बाईक घेऊन मोटरवेवर काय करायचंय? आपल्याला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकी बंद, त्यामुळे ऑटोबानवर बाईक चालते याचंच अप्रूप असतं, ते अर्ध्या तासात फिटतं. तेवढ्यात एक लक्षात ठेवा, उजव्या लेनमध्ये राहायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून, मागून पोर्शा येते ती आरशात ठिपका दिसेपर्यंत शेजारी आलेली असते.

मी २३ वर्षांची, म्युनिकला मास्टर्स करतेय, येऊन वर्ष झालं. भारतातलं लायसन्स आहे. इथे सेकंडहँड सिक्स हंड्रेड सीसी घ्यायचा विचार आहे. – पेइंग गेस्ट, म्युनिक

थांब, आधी लायसन्स. तिथे राहायला गेल्यापासून सहा महिनेच भारतीय लायसन्स चालतं, म्हणजे आत्ता तू चालवलीस तर विनालायसन्स. भारतीय लायसन्सवाल्यांना लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, क्लासच्या सक्तीच्या तासांतून सूट आहे पण परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच होते, आणि दोन-चार तास शिकून घेतलेले बरे कारण त्यांची मागे वळून खांद्यावरून बघायची सवय आपल्याला नसते आणि त्यावरच नापास करतात. पूर्ण ए लायसन्स थेट घ्यायला वय २४ लागतं. तू २३ ची, आत्ता एटू मिळेल, म्हणजे ३५ किलोवॅटपर्यंत. एक वर्ष कळ काढणार की छोटी बाईक घेणार ते तू ठरव. मी असते तर एटूवर छोटीच घेतली असती, घाटात ३५ किलोवॅट भरपूर होतात.

बाईक घेताना रजिस्ट्रेशनच्या कागदावर यू.१ चा रकाना बघ, उभ्या बाईकचा आवाज तिथे लिहिलेला असतो. म्युनिकहून वीकेंडला सगळे जिथे पळतात त्या ऑस्ट्रियातल्या तिरोलच्या रॉयट भागात, लेखटाल, टानहाइमर टाल, हानटेनयोख, तिथे २०२० पासून उन्हाळी मोसमात ९५ डेसिबलच्या वर आकडा असलेल्या बाईकला बंदी आहे. कंपनीचाच सायलेन्सर असला तरी, आकडा जास्त तर बंदी. मोठ्या सुपरबाईक यात बऱ्याच अडकतात. गावकऱ्यांचं मला पटतं, रविवारी सकाळी शंभर बाईक दरीतून ओरडत गेल्या की काय होतं ते लोणावळ्याच्या लोकांना विचार.

आणि म्युनिकच्या जवळचा केसेलबर्ग घाट, कोखेलहून वालखेन्झेला चढणारा, तो शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी चढायच्या बाजूने बाईकला बंद असतो. मधल्या वारी जा.

माझा मुलगा मित्रांबरोबर स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाला जातोय, वेगाची गाडी भाड्याने घेणार म्हणे. तो ऐकणार नाही हे माहीत आहे, निदान मी काय तपासू ते सांगा. – एक आई, ठाणे

काकू, तुम्ही एकच गोष्ट तपासा, ट्रॅव्हल इन्शुरन्स. व्हिसासाठी ३०,००० युरोंचा मेडिकल इन्शुरन्स लागतो म्हणून मुलं सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतात, व्हिसा मिळतो, विषय संपतो. पण बऱ्याच पॉलिसींत आत लिहिलेलं असतं की ठरावीक सीसीच्या वरच्या दुचाकीवर अपघात झाला तर कव्हर नाही, किंवा मोटरसायकल हा धोक्याचा खेळ धरलाय. पॉलिसीचा पूर्ण मजकूर मागवा, त्यात मोटरसायकल हा शब्द शोधा, आणि कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या की एवढ्या सीसीची बाईक भाड्याने घेऊन चालवली तर कव्हर आहे. फोनवर हो म्हणाले यावर विसंबू नका. दुसरं त्यातच बघा, हेलिकॉप्टरने उचलण्याचा खर्च धरलाय का, कारण आल्प्समध्ये घाटात कुणी पडलं तर बऱ्याचदा हेलिकॉप्टरच येतं आणि त्याचं बिल फार मोठं असतं. मुलाच्या फोनमध्ये ११२ आणि स्वित्झर्लंडसाठी १४१४ हे दोन नंबर घाला, दुसरा रेगा या हवाई बचाव संस्थेचा.

वेगाचं मीच सांगते, तुमच्या नावावर खपवा. स्वित्झर्लंडमध्ये गावाबाहेर मर्यादा ८०, तिथे १४० ला सापडला तर ती दंडाची पावती नसते, फौजदारी गुन्हा असतो, तुरुंगवास होऊ शकतो. ऑस्ट्रियाने मार्च २०२४ पासून अतिवेगाच्या गाड्या जागेवर जप्त करायला सुरुवात केली. आणि कॅमेऱ्याने फोटो काढला तर दंड भाड्याच्या कंपनीकडे जातो, कंपनी त्यात आपली फी लावून कार्डावर वसूल करते, मुलगा तोपर्यंत घरी वरणभात खात असतो. हे तीनही मित्रांच्या समोर सांगा, एकट्याला नको.

तो चिडेल. चिडू दे.

जूनमध्ये जावं की सप्टेंबरमध्ये? आणि लेदर सूट चालेल ना? – यवतेश्वर घाट, सातारा

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. जूनच्या सुरुवातीला वरचे घाट उघडलेले असतील याची खात्री नाही, आणि उघडले तरी कडेच्या बर्फाच्या भिंतीतून पाणी रस्त्यावर येत असतं, सकाळी ते गोठतं. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खा युरोप तिथेच असतो, त्यात इटलीत १५ ऑगस्टच्या सुट्टीचा आठवडा म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी, टाळाच. उन्हाळ्यात अजून एक, रस्त्याच्या भेगा डांबराच्या पट्ट्यांनी भरलेल्या असतात, ऊन तापलं की त्या मऊ आणि गुळगुळीत होतात, लीनमध्ये चाक त्यावर गेलं की बाईक टचकन सरकते. घाबरून ब्रेक मारू नका, पुढे पकड परत मिळते.

लेदर चालेल पण टू-पीस, चेन लावून जोडता येईल असा. वन-पीस घालून दर थांब्यावर टॉयलेटला जाऊन बघा म्हणजे कळेल का ते. दर हजार मीटरला साडेसहा अंश तापमान उतरतं असं धरा, प्राटोला टी-शर्टवर असाल तर स्टेल्व्हियोच्या माथ्यावर बारा अंश कमी, वर वारा. आत थर्मल, पाठीवर रेनसूट, ग्लोव्हजचा दुसरा जोड. आल्प्समध्ये दुपारनंतर ढग चढतात, म्हणून घाट सकाळी उरका. टायर स्पोर्ट टूरिंगचे असलेली बाईक मागा, ट्रॅकचे मऊ टायर सहा-सात अंशात तापतच नाहीत आणि पावसात तर विचारूच नका.

किलोमीटरचं गणितही आपल्याकडचं लावू नका. घाटात सरासरी चाळीस-पंचेचाळीसचीच पडते. सुस्टेन, फुर्का, ग्रिमसेल ही तीन घाटांची फेरी साधारण सव्वाशे किलोमीटर, पण त्यात दिवस जातो. क्लिप-ऑनवर, म्हणजे स्पोर्ट बाईकच्या खाली बसवलेल्या हँडलवर, अडीचशे किलोमीटरच्या वर दिवसाला घेऊ नका, मनगटं तिसऱ्या दिवशी संप करतात. उतारावर गुडघ्यांनी टँक दाबून धरा, हात सैल, दुसऱ्या गिअरवर इंजिनलाच थोपवू द्या.

आम्ही दोघं, नवरा-बायको, एकाच बाईकवर. शाकाहारी. स्पोर्ट बाईकवर जमेल? – नाशिक

एक दिवस जमेल. दहा दिवस नाही. मागची सीट म्हणजे वीतभर उशी, गुडघे कानाला, आणि चढावर मागे वजन पडलं की पुढचं चाक हलकं होतं, हेअरपिनमध्ये हँडल ऐकत नाही. सामान कुठे ठेवणार ते वेगळंच. कावासाकीची निंजा १००० एसएक्स किंवा बीएमडब्ल्यूची एस १००० एक्सआर असं काहीतरी घ्या, इंजिन स्पोर्टचं, बसणं माणसाचं. घरी आल्यावर संसार करायचाय ना.

खाण्याचं: अंडं चालत असेल तर कायझरश्मार्न खा, तुकडे केलेलं गोड धिरडं समजा, आणि चीज घातलेले श्पेट्झले, म्हणजे अंड्याच्या पिठाच्या छोट्या शेवया. अंडंही नको तर इटलीच्या बाजूला मुक्काम ठेवा, पिझ्झा आणि पोलेंटा (मक्याच्या पिठाची उकड समजा) कुठेही. चिवडा न्या, पेढे मात्र नको, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून आणायला बंदी आहे, कस्टम्सवाले काढून घेतात.

न्युर्बुर्गरिंगवर भाड्याची बाईक घेऊन एक लॅप मारता येईल का? – सेकंड गिअर, मुंबई

नाही. २०२५ पासून नॉर्डश्लाइफं या तिथल्या जुन्या लांब ट्रॅकवरच्या टुरिस्ट लॅप्सना मोटरसायकली घेतच नाहीत, फक्त वेगळ्या आयोजित ट्रेनिंगमध्ये घेतात. शिवाय भाड्याच्या करारात ट्रॅक बहुतेक वेळा मनाच असतो.

मी आणि मित्र रोमानियाचा ट्रान्सफागाराशान घाट करायचा म्हणतोय. माझ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, त्याच्याकडे भारतीय. आणि अस्वलांचं खरं आहे का? – मडगाव

पासपोर्टचं सोपं आहे. १ जानेवारी २०२५ पासून रोमानिया पूर्ण शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे मित्राला शेंगेन व्हिसा पुरतो, तुला व्हिसाच नको. पण लायसन्स तुझंही गोव्याचंच असणार, तेव्हा इंटरनॅशनल परमिट दोघांनीही घ्या, पासपोर्ट पोर्तुगीज म्हणून लायसन्स युरोपियन होत नाही.

रस्ता भारी आहे. १९६८ ला सोव्हिएत फौजा चेकोस्लोव्हाकियात घुसल्यावर रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कूला धास्ती बसली की उद्या आपल्यावर आले तर डोंगरापलीकडे लष्कर न्यायचं कसं, म्हणून १९७० ते ७४ मध्ये सैनिकांकडून खोदून घेतला. म्हणजे रस्ता कुणासाठी बांधला या आपल्या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर इथे लष्करी ट्रक, आणि म्हणूनच उत्तरेच्या बाजूची वळणं मोकळी आहेत, स्पोर्ट बाईकला आवडतील. माथा २,०४२ मीटरला, तिथेच बाल्या तलाव आणि लांब बोगदा. दक्षिणेकडे विद्रारू धरणाच्या बाजूला रस्ता खडबडीत, तिथे कडक सस्पेन्शनवर हाडं मोजून होतात. तब्येत असेल तर शेजारचा ट्रान्सआल्पिना करा, २,१४५ मीटर, गर्दी कमी. दोन्ही साधारण जुलै ते ऑक्टोबर.

अस्वलांचं शंभर टक्के खरं आहे. दक्षिणेच्या जंगलात ती रस्त्याच्या कडेला कठड्यावर बसलेली असतात, कारण लोक गाडीतून बिस्किटं देतात. कारवाल्याला काच आहे, तुम्हाला नाही. जुलै २०२५ मध्ये याच रस्त्यावर एका इटालियन बाईकस्वाराचा अस्वलाच्या हल्ल्यात जीव गेला. अस्वल दिसलं की थांबायचं नाही, मोबाइल काढायचा नाही, पुढे कारवाले फोटोला थांबून रस्ता अडला असेल तर लांबच थांबायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. टँक बॅगमध्ये खायचं काही ठेवू नका. आणि पेट्रोल जंगलात शिरायच्या आधी खालच्या गावातच फुल करा, स्पोर्ट बाईकची टाकी सोळा-सतरा लिटरची, तिथे मधे थांबून हिशोब करत बसायला नको.